तिसऱ्या अंकाआधी पुऱ्या

मंडळाचं नाटक एकदा बसवलं की आयुष्यभर पुरेल एवढा संताप साठतो. आमच्या गराजमध्ये खोकी साठलीत ना, तस्सा! टाकून देववत नाही आणि कुणी विषय काढला की एकेक खोकं उघडल्याशिवाय राहवत नाही. परवा जेवताना कुणीतरी सहज विचारलं, "शैलाताई, ते तुमचं फ्रेंच नाटक म्हणजे नक्की काय भानगड होती हो?" झालं! माझं ताट राहिलं बाजूला. ऐका आता तुम्हीही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही सगळे अमेरिकेत, सांता क्लारा आणि आसपास. निम्मे कॉम्प्युटर चिपच्या कंपन्यांत, निम्मे डॉक्टर, आणि मी सिटी लायब्ररीत. तिथं काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात मला एक जुनं नाटक सापडलं. एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच कॉमेडी, इंग्रजीत केलेली. पॅरिसमधला एक नामांकित नट. एका व्यापाऱ्याची मुलगी त्याचं काम बघून त्याच्या प्रेमात पडते. बाप नटाला गाठतो आणि म्हणतो, एवढे मोठे नट आहात ना, मग माझ्या मुलीच्या मनातून उतरून दाखवा! नट शब्द देतो. दुसऱ्या अंकात तो त्यांच्याकडे जेवायला येतो आणि दारू प्यायल्याचं असं काही सोंग करतो की ज्या बापानं ते सांगितलं, तो बापसुद्धा ते खरं मानून त्याला घराबाहेर काढतो. तिसऱ्या अंकात तोच बाप पहिल्यांदा थिएटरात जातो, नटाचं काम बघतो, आत येऊन डोक्यावरची हॅट काढतो आणि म्हणतो, "आज मी तुमचं काम पाहिलं."

बस्स. त्या एका वाक्यासाठी मी अख्खं नाटक मराठीत आणलं. सगळा जीव तिसऱ्या अंकात! हे लक्षात ठेवा, कारण आमच्या मंडळात ते एकाच्याही लक्षात राहिलं नाही.

*

कमिटीची मीटिंग अध्यक्षांकडे होती. अध्यक्ष म्हणजे डॉ. सबनीस, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे. आवाजही तसाच. ते बोलायला लागले की आपण मनातल्या मनात उलटे आकडे मोजायला लागतो.

मी तासभर गोष्ट सांगितली. हावभावांसकट. मुलीचं रडणं करून दाखवलं, दारू प्यायल्याचं सोंग करून दाखवलं. सगळे टक लावून बघत होते. मला वाटलं, भारावले!

मग सबनीस म्हणाले, "छान आहे. फक्त, यात जेवणाची सुटी कुठे आहे?"

मी म्हटलं, "डॉक्टर, नाटक आहे हे. लग्न नाही."

"तसं नाही, शैलाताई. दिवाळीचा प्रोग्रॅम आहे. लोक सनीव्हेलहून, सॅन होजेहून ड्राइव्ह करून येणार. ते काय नाटक बघायला येतात का?"

काय म्हणावं या माणसाला! आणि याच माणसानं जाता जाता जाहीर केलं, "मुलीच्या बापाचं काम मी करतो. अध्यक्ष म्हणून मला स्टेजवर असायलाच हवं."

मतदानबितदान काही नाही. ठरलं!

*

मग दारूचा प्रश्न आला. स्टेजवर दारू नको म्हणे! मुलं असतात, संस्कारांचा प्रश्न आहे.

हे कोण म्हणालं? आमचे खजिनदार प्रधान. कुठे म्हणाले? स्वतःच्या फॅमिली रूममधल्या बारमागे उभं राहून, हातात स्कॉचचा ग्लास धरून! आणि पुन्हा बर्फ टाकत टाकत!

मी म्हटलं, "प्रधान, तो नट दारू पीतच नाही. तो प्यायल्याचं नाटक करतो. तेच तर नाटक आहे!"

"ते तुम्हाला कळतं हो. मुलांना काय कळणार? त्यापेक्षा त्याला ताप आलाय असं दाखवा."

"ताप आलेल्या माणसाला घराबाहेर काढतात?"

"मग पीयूष पिताना दाखवा. जरा जास्त झालं असं."

यार, पीयूष! पॅरिसमधला नामांकित नट पीयूष पिऊन झिंगतो! माझा इतका संताप झाला की मी चपला न घालता गाडीत जाऊन बसले. शेवटी तोडगा निघाला. बाटलीत अ‍ॅपल ज्यूस घालायचा आणि प्रयोगाआधी अध्यक्षांनी माइकवरून तसं जाहीर करायचं. म्हणजे जो माणूस तासाभरानं प्यायल्याचं सोंग करून घर हादरवणार, त्याच्या बाटलीत काय आहे ते आधीच सगळ्या गावाला सांगून टाकायचं!

*

पुढे मुलांचं प्रकरण. आपल्याकडे नाटक म्हटलं की प्रत्येक आईला विचारायचं असतं, "आमच्या बंटीला काही?" नाही म्हटलं तर पुढच्या पिकनिकला तुमच्याशी कुणी बोलत नाही.

त्यामुळे आमच्या फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी जेवायला माणसं चार आणि वाढायला पोरं अकरा! प्रत्येकाच्या डोक्याला फेटा. मी म्हटलं, फेटा कशाला, हे पॅरिस आहे. तर एक आई म्हणाली, "अहो, भारतातून आणलाय, मग वापरायचा कधी?"

नायिका मात्र मला चांगली मिळाली. प्रिया. इथंच जन्मलेली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मराठी रोमन अक्षरांत लिहून पाठ करायची, पण डोकं ठिकाणावर. दुसऱ्याच रिहर्सलला तिनं विचारलं, "काकू, why doesn't the father just go and see the guy act? आधी बघायचं ना, मग हेट करायचं."

मी तिला म्हटलं, "प्रिया, हे तुला कळलं ना? आता ते तुझ्या कमिटीच्या काकांना सांग."

*

नटाचं काम करत होता मुकुंद. चिपच्या कंपनीत इंजिनिअर, एरवी इतका हळू बोलणारा की फोनवर तो आहे की लाइन कट झालीय ते कळायचं नाही. पण स्टेजवर चढला की दुसराच माणूस! पहिल्या रिहर्सलला त्यानं दोन पावलं झोकांडी खाल्ली आणि माझ्या हातातला चहा सांडला. इतकं खरं.

रिहर्सल त्याच्याच घरी व्हायच्या. त्याचे वडील अकोल्याहून आलेले होते. आप्पा. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, ताठ, काठी घेऊन चालणारे. दिवाळीनंतर परत जायचे होते आणि गुडघ्यांमुळे पुन्हा येणं नाही, हे त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

आप्पांना टीव्हीवरची कुस्ती भारी आवडायची. ती अमेरिकन, आरडाओरड्याची, चड्ड्या चमकणारी. आमची रिहर्सल बाहेरच्या खोलीत, कुस्ती आतल्या खोलीत. मुकुंद बोलायला लागला की आतला आवाज वाढायचा. प्रिया बोलली की पुन्हा कमी! मी पाहिलं ना, रोज पाहिलं. मुकुंदचं वाक्य, की आत कुणीतरी कुणाला तरी आपटलं!

एकदा मी चिडून दारापर्यंत गेले. मुकुंदची बायको सुनीता हात धरून मला किचनमध्ये घेऊन गेली. म्हणाली, "शैलाताई, जाऊ दे. त्यांना नाटक खपत नाही."

मग तिनं सांगितलं. मुकुंद अमरावतीला कॉलेजात होता. गॅदरिंगच्या नाटकात मुख्य काम. आप्पांना कुणीतरी सांगितलं. ते अकोल्याहून आले, दुसऱ्या अंकाच्या मध्येच स्टेजवर चढले आणि रंगवलेल्या तोंडाच्या पोराला दंडाला धरून सगळ्यांसमोर खाली उतरवून घेऊन गेले. पुढचं सगळं त्यांच्या मनासारखं झालं. इंजिनिअरिंग, अमेरिका, ग्रीन कार्ड. मुकुंदनं पुन्हा तोंडाला रंग लावला तो थेट आमच्या मंडळात. "त्यांनी त्याचं काम कधी पाहिलेलंच नाही हो," सुनीता म्हणाली. "एक अंकसुद्धा नाही. तो म्हणतो, आप्पांनी तिसरा अंक बघेपर्यंत खुर्चीत बसावं, बाकी मला काही नको."

खरं सांगते, आप्पांचा मला असा राग आला! आपलं पोर कसं काम करतं हे न बघताच त्याला स्टेजवरून ओढून नेणारा माणूस, आणि वर दुसऱ्यांच्या पोरांची कुस्ती बघतो!

*

आता आमच्या अध्यक्षांच्या अभिनयाबद्दल. बापाला दुसऱ्या अंकात एकच मोठं वाक्य होतं, हाकलून देण्याचं. मी लिहिलं होतं, "निघा माझ्या घरातून!" मुकुंद एक दिवस हळूच म्हणाला, "शैलाताई, तिथं दुसरं वाक्य घेऊ या का?" आणि त्यानं म्हणून दाखवलं: "तोंडाला रंग लावायचा असेल तर या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडायचा नाही. चालता हो!"

मी ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. मी म्हटलं, "कुठून काढलंस रे हे?"

"घरचंच आहे," तो म्हणाला आणि बूट घालायला लागला.

सबनीसांना ते वाक्य सहा आठवड्यांत आलं नाही! त्यांनी आयुष्यभर पेशंटांशी गोड बोललेलं. समोर मुकुंद टेबलावरचं सगळं उधळतोय, प्रिया रडतेय, अकरा फेटे घाबरून कोपऱ्यात, आणि सबनीस खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "आपण आता जरा बाहेर जाऊ या हं. काही त्रास होणार नाही."

"डॉक्टर!" मी किंचाळायचे. "हाकलायचंय त्याला! झोपवायचं नाहीये!"

"फील आला की करतो ना," ते म्हणायचे. तो फील शेवटपर्यंत आला नाही.

*

आणि मग प्रयोगाच्या आठवड्यात सगळ्यात मोठा घाव! सबनीसांचा फोन. "शैलाताई, कमिटीनं डिसिजन घेतलाय. दोन अंक, मग जेवण, मग वेळ उरला तर तिसरा."

श्रीखंड-पुरी खाऊन कोण परत येऊन बसणार आहे? पोरं पेंगणार, बायका आपापली भांडी शोधणार, पुरुष पार्किंग लॉटमध्ये ग्रीन कार्डवर बोलणार. शिवाय शाळेचा हॉल भाड्याचा, वेळ झाली की दिवे बंद. वेळ उरला तर म्हणजे कॅन्सलच की सरळ!

मी म्हटलं, "डॉक्टर, तिसऱ्या अंकाशिवाय हे नाटक म्हणजे एक दारुडा येतो आणि त्याला हाकलून देतात, एवढंच उरतं."

"मग तुमचा सामाजिक संदेशही आला की त्यात!"

फोन मालतीवहिनींनी घेतला. सबनीसांची बायको, जेवणाच्या मुख्य. अन्नपूर्णा आहेत, पण त्या दिवशी मला अजिबात तशा वाटल्या नाहीत. "शैला, तुझं नाटक पुढच्या वर्षीही होईल. पुऱ्या एकदा गार झाल्या की झाल्या."

मुकुंदला हे मी सांगितलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "आप्पा येतो म्हणालेत. पुढच्या वर्षी ते नसतील इथं." एवढंच. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांची दारं एकेक करून आपटली.

*

प्रयोगाचा दिवस. हॉल म्हणजे शाळेचा कॅफेटेरिया, एका टोकाला स्टेज. खुर्च्यांवर शाली टाकून जागा धरलेल्या. पहिल्या रांगेत, कडेला, आप्पा. कोट, मफलर, टोपी, दोन्ही हात काठीवर. चेहरा असा, की जणू कोर्टाचं समन्स आलंय म्हणून बसलेत.

सबनीस व्यापाऱ्याच्या वेषात माइकवर आले. लांब काळा कोट, उंच काळी हॅट. "सुस्वागतम. पालकांनी कृपया नोंद घ्यावी, दुसऱ्या अंकातल्या बाटलीत अ‍ॅपल ज्यूस आहे." टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या वाक्याला टाळ्या पडल्या, त्याही ज्यूसला.

पहिला अंक ठीक गेला. मध्येच कुणीतरी येऊन माइकवर सांगितलं की निळ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत आणि चार माणसं उठून गेली, पण तेवढं चालतं आमच्यात.

दुसरा अंक. मुकुंद आला. काय आला, काय सांगू! एक पाय नीट टाकायचा, दुसरा शोधायचा. वाढप्यांमधल्या एकाचा फेटा स्वतःच्या डोक्यावर घातला. प्रियाकडे बघून असं काही घाणेरडं हसला की ती खरोखर मागे सरकली. ज्यूसची अनाउन्समेंट ऐकून बसलेल्या लोकांमधूनच एक बाई पुटपुटल्या, "अगं बाई, ह्यानं खरीच घेतलीय की!" आणि कोण घाबरून पुढे सरसावले सांगू? प्रधान! म्हणाले, "तरी मी सांगत होतो!"

मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. आता सबनीसांची एन्ट्री. मी मागे वळून बघते तर सबनीस नाहीत!

"डॉक्टर कुठे आहेत?"

एक फेटा म्हणाला, "Sabnis uncle went out. The puris are here."

मागचं दार उघडं होतं. बाहेर पार्किंग लॉटमध्ये, लांब कोट आणि उंच हॅट घालून, आमचे अध्यक्ष पुऱ्यांच्या स्टेशन वॅगनला हात हलवून रिव्हर्स घ्यायला लावत होते! "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!"

बोंबला! मी ओरडले, पण गाडीच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? स्टेजवर मुकुंदनं ओळखलं. त्यानं टेबलक्लॉथ ओढला. प्लेटा फुटल्या. अजून कुणी येईना. प्रिया रडून रडून थकली. तो खुर्चीत कोसळला, पुन्हा उठला. शेवटी अगदी पुढे आला, दिव्यांच्या कडेला, आणि त्या प्यायलेल्या आवाजात, नाटकात नसलेलं वाक्य ओरडला, "कुठे आहे या घराचा मालक? आहे की नाही कुणी बाप या घरात? काढा मला बाहेर, हिंमत असेल तर!"

पहिल्या रांगेत काठी वाजली. आप्पा उठून उभे राहिले.

सुनीतानं तोंडावर हात ठेवला. मला तर अमरावतीच दिसायला लागली. मी म्हटलं, आता हे चढणार आणि याला दंडाला धरून नेणार, आणि आज मी त्यांना सोडणार नाही!

पण ते जागचे हलले नाहीत. काठी वर केली आणि मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले:

"तोंडाला रंग लावायचा असेल तर या घराचा उंबरठा पुन्हा ओलांडायचा नाही. चालता हो!"

एक अक्षर इकडचं तिकडे नाही! सहा आठवडे ज्या वाक्यासाठी मी सबनीसांपुढे घसा फोडला, ते वाक्य! माझ्या हातातली वही खाली पडली.

मुकुंद थिजला. स्क्रिप्टमध्ये तिथं लिहिलं होतं की नट एकदम ताठ उभा राहतो, शुद्धीवर असल्यासारखा वाकून नमस्कार करतो आणि जातो. मुकुंदनं तसंच केलं. पण पॅरिसमधल्यासारखं कमरेत वाकून नाही. पहिल्या रांगेकडे तोंड करून, दोन्ही हात जोडून, मान खाली घालून. आणि निघून गेला. पडदा.

टाळ्या थांबेचनात. लोकांना वाटलं, काय पण डायरेक्शन! प्रेक्षकांतून बाप उठवला! अजून मला त्याचं क्रेडिट देतात मेले.

तेवढ्यात मागच्या दारानं सबनीस आत आले. डोक्यावर ती हॅट, दोन्ही हातांत पुऱ्यांचा भला मोठा ट्रे. धापा टाकत म्हणाले, "झाली का माझी एन्ट्री? बरं, आता जेवण अनाउन्स करतो."

मी तोंड उघडणार, तर कडेच्या पायऱ्यांवरून काठीचा आवाज आला. आप्पा वर चढत होते. एक पायरी, जरा थांबणं, दुसरी पायरी. गुडघ्यावर हात ठेवून. वर आले, मफलर काढून खांद्यावर टाकला, टोपी काढून खिशात घातली. सबनीसांचे दोन्ही हात पुऱ्यांमध्ये अडकलेले. आप्पांनी शांतपणे त्यांच्या डोक्यावरची हॅट उचलली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, नीट केली आणि माझ्याकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "पुढच्या अंकात माझी एन्ट्री कुठल्या बाजूनं?"